हाताने घेतलेली नोंद

विश्वास ठेवायचा तर ठेवा. पण हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय. दुर्बिणीच्या नोंदी आजही माझ्याकडे आहेत.

दादा टेकडीवरच्या वेधशाळेत होता. काही ताऱ्यांचा उजेड कमी-जास्त होतो. असा नवा तारा सापडला की रोज रात्री त्याच्यावर दुर्बीण लावायची. हे काम तिथले म्हातारे निरीक्षक तीस वर्षं हाताने करत होते. सगळे त्यांना काका म्हणायचे.

दादा पहिल्यापासून झोपेचा भोक्ता. त्याने प्रोग्रॅमच लिहून टाकला. दुर्बीण आपली आपण तारा निवडणार, आपली आपण वळणार, आणि सकाळी चहासोबत दादाला ईमेल.

काकांना घरी बसवलं. जाताना ते एवढंच म्हणाले, "यंत्र बघतं रे. लक्ष ठेवत नाही."

दोन महिन्यांत काका गेले. दादाच्या मनाला ते फार लागलं.

मग एका सोमवारी सकाळी ईमेलमध्ये एक जास्तीची नोंद आली...

'दुर्बीण कशी लावली' या रकान्यात नेहमी 'आपोआप' असायचं.

इथे होतं, 'हाताने'.

वेधशाळेला कुलूप होतं. किल्ली दादाच्या खिशात.

शिवाय दुर्बीण क्षितिजाच्या खाली वळली होती. तेवढी ती वाकूच शकत नाही. तरी फोटोत एक ठिपका होता...

मंगळवारी तोच ठिपका. मंद.

बुधवारी आणखी मंद.

दुर्बीण वळली होती त्या दिशेने दादाने नकाशावर रेघ ओढली. ती टेकडी उतरून शहरात आली आणि आमच्याच घरावर थांबली.

घरात दोघंच. दादा, आणि अंथरुणाला खिळलेली आई.

त्याच्या पायाखालची जमीन सरकली. ज्या वेगाने उजेड उतरत होता, त्या वेगाने शुक्रवारी पहाटे काहीच उरणार नव्हतं.

गुरुवारी दुपारी तो आईला गाडीत घालून माझ्याकडे घेऊन आला.

"मला काय धाड भरलीय?" आई कुरकुरत होती. "आणि तू कुठे निघालास?"

"घरी. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. आज झोपतो." मग तो मला म्हणाला, "सकाळचा ईमेल तुलाही येईल असं केलंय. बघ हं."

सकाळी ईमेल आला.

'हाताने. काही दिसलं नाही.'

आई उशीला टेकून चहा पीत होती. माझा जीव भांड्यात पडला. सांगावं म्हणून दादाला फोन लावला...

वाजत राहिला.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. झोपेतच, पहाटे.

दोन तारे फार जवळ असले की दुर्बिणीला एकच ठिपका दिसतो. विझतोय कोणता, ते कळत नाही. हे दादानेच मला कधीतरी शिकवलं होतं. आईच्या काळजीत तो स्वतःला मोजायलाच विसरला. याचं मला आजही रडू येतं.

वेधशाळेने प्रोग्रॅम बंद केला. दुर्बीण खोलून पेट्यांत भरली. मी स्वतः जाऊन पाहून आले.

काल सकाळी मला ईमेल आला.

'हाताने.'

आज पुन्हा आला. ठिपका कालच्यापेक्षा मंद आहे.

रेघ मी ओढून पाहिली. ती माझ्या घरावर थांबते.

या घरात आम्ही पाच जण आहोत. कोणाला हलवू?