मापाचे पान

बटण तुटणे ही काही मोठी आपत्ती नव्हे. पण एका भुरभुरत्या संध्याकाळी एक तरुण अंगात कोट घालून आणि मुठीत त्याचे बटण घेऊन शिवणाच्या दुकानाच्या दारात उभा राहिला, तेव्हा मशीनवर बसलेल्या तरुणीचा पाय क्षणभर थबकला.

"बटण लावून मिळेल?"

"मिळेल. पण हा कोट तुमच्या अंगचा दिसत नाही. खांद्यातून उतरलाय."

"तयार घेतला होता."

"तयार कपडे सगळ्यांना येतात आणि कुणालाच बसत नाहीत," ती म्हणाली. "नवा शिवायचा असेल तर माप देऊन जा."

त्याला कोट शिवायचा नव्हता. तरीही त्याने माप दिले.

तिने मोजपट्टी सोडवली. खांदा, बाही, छाती... केसांवरचे पावसाचे कण न झटकता तो अगदी निश्चल उभा होता. मग लाल कापडी बांधणीच्या वहीत तिने काही खुणा केल्या. ना अक्षरे, ना अंक.

"हे कोण वाचणार?"

"मी आणि आत्या. लोकांची शरीरं असतात यात, उघड्यावर कशी ठेवायची?"

आतल्या दाराशी काजे करत बसलेल्या आत्याने मान वर न करता पुस्ती जोडली, "आणि गिऱ्हाईक गाव सोडून गेलं किंवा जगातून गेलं, की पान फाडून ज्याचं त्याला, नाहीतर त्याच्या घरी पोचतं करायचं. माप माणसाचं असतं. आपल्याकडे ती ठेव."

तरुण विस्मयाने त्या वहीकडे पाहत राहिला. शहराबाहेर एका अतिविशाल कंपनीचे संगणकागार होते. जगभरातल्या लोकांची पत्रे, छायाचित्रे, येण्याजाण्याच्या वाटा, सारे तिथे साठवलेले असे. त्यातली बंद पडलेली यंत्रे बदलणे हे त्याचे काम.

"आमच्याकडेही मापंच असतात," तो म्हणाला. "फक्त... माणसं अब्जावधी."

"आणि परत देता?"

"मागितलं तर देतात."

"ठेव परत करायला कुणी मागेपर्यंत थांबायचं नसतं," ती म्हणाली आणि दोरा दातांनी तोडला.

पुढच्या गुरुवारी दुसरे बटण तुटले. त्यापुढच्या गुरुवारी बाहीवरचे.

"आले बटणराव!" आत्या म्हणाली. "अहो, तुमच्या कोटाला बटणं आहेत की दुधाचे दात?"

त्याचे कान लाल झाले. ती सुईत दोरा ओवत होती. दोरा त्या दिवशी तीनदा चुकला.

कंपनीत वर्षातून एक दिवस असा असे की प्रत्येक कर्मचाऱ्याने एका आप्ताला कामाची जागा दाखवावी. त्याने तिला विचारले. आप्त या शब्दापाशी तो अडखळला. ती अडखळली नाही.

दालनाचे दार उघडले आणि ती उंबरठ्यावरच थांबली. दृष्टी पोचेल तिथवर मानवी उंचीहून उंच कृष्णवर्ण कपाटांच्या रांगा, त्यांवर उघडझाप करणारे सहस्रावधी नीलकण, आणि अखंड घुमणारा एक मंद्र स्वर, जणू पृथ्वीच्या पोटातून उठणारा. थंड वारा पायांशी खेळत होता. कुणाची पहिली पावले, कुणाची शेवटची पत्रे, कुणा मातेचा आवाज... सारे इथे, आणि निद्रिस्त नव्हे, जागे. तिने नकळत चपला काढल्या. तो हसला नाही.

"यात मी कुठे आहे?" तिने कुजबुजत विचारले.

"ठाऊक नाही. आम्हाला फक्त यंत्रं दिसतात, आतलं वाचता येत नाही. आणि..." तो थांबला. "येत असतं, तरी तुमचं मी तुमच्याकडूनच ऐकलं असतं."

त्या वाक्याने तिचे आठवडाभराचे शिवण वाकडे केले. अखेर तिने आत्याजवळ मन मोकळे केले, आत्याजवळच फक्त.

त्यानंतर चौथ्या दिवशी तिने फोन उघडला, तर पडद्यावर त्याच कंपनीच्या जाहिरातीत दोन अंगठ्या चमकत होत्या. 'तुम्हा दोघांच्या नव्या आरंभासाठी.' पाठोपाठ दोघांपुरती घरे आणि नवदांपत्यांसाठीच्या सहली.

तिच्या हातून कातर गळून पडली. आत्यावाचून कुणाला सांगितले नव्हते. मग कुणी पाहिले? कंपनीत तिच्या ओळखीचा एकच मनुष्य होता.

गुरुवारी तो आला तेव्हा त्याच्या मापाचे पान फाडून टेबलावर ठेवलेले होते.

"तुमची ठेव. घेऊन जा."

तिने पुढे केलेल्या फोनवरचे चित्र त्याने पाहिले, आणि त्याचा चेहरा उतरला. "मी नाही बघितलं काही. कुणीच बघायची गरज नाही. त्या दिवशी तुमचा नि माझा फोन तीन तास बरोबर फिरले. दर गुरुवारी या दुकानात एकत्र असतात. यंत्रानं दोन नि दोन चार केले."

"हे मी खरं कशावरून मानू?"

त्याने पान परत तिच्याकडे सरकवले. "पान एक आठवडा राहू दे इथे," एवढेच बोलून तो निघाला.

आठवड्याने तो आला, तो विटेएवढा जाड कागदांचा गठ्ठा छातीशी धरून. कोटाची सारी बटणे जागच्या जागी होती.

"हे माझं माप," तो म्हणाला. "कंपनीनं घेतलेलं. मागून घेतलं. हे वाचल्यावर तुमच्याकडे माझं काही झाकलेलं राहणार नाही. मग ठरवा."

तिने गठ्ठा मधूनच उघडला. त्याची प्रत्येक पायवाट, प्रत्येक थांबा, क्षणाक्षणासह. त्याच्या घराखालीच एक शिंपी होता. तो ओलांडून हा मनुष्य चाळीस मिनिटे चालत इथे येत होता. आत येण्याआधी समोरच्या पदपथावर सात मिनिटे, नऊ मिनिटे, एकदा एकवीस मिनिटे नुसता उभा! आणि पहिल्या भेटीनंतरच्या बुधवारी त्याने यंत्राला विचारलेला प्रश्नही तिथे होता: 'पक्के शिवलेले बटण कापड न फाटता कसे तोडावे?'

तिच्या ओठांच्या कडा थरथरल्या.

"मला स्वतःला कळायच्या आधी यंत्राला कळलं होतं," तो खाली पाहत म्हणाला. "मलाही भीती वाटली... आणि नवलही."

तिने गठ्ठा मिटला. त्याच्याकडे सरकवला.

"अजून बरंच आहे. वाचा ना."

"वाचता येतं म्हणून वाचायचं नसतं. बाकीचं तुम्ही सांगाल तेव्हा."

तो बघतच राहिला. त्या अफाट दालनासमोर ती जशी उभी होती, तसा.

"मग तुमच्या कंपनीवर विश्वास ठेवावा का?" तिने विचारले.

"कुलपं भक्कम आहेत, रोज पाहतो. पण तिथून कुणी आपणहून पान फाडून परत केलेलं मी अजून पाहिलं नाही." मग त्याने टेबलावरच्या पानाला बोट लावले. "यावर काय लिहिलंय, विचारू?"

"खांदा. बाही. छाती." ती घुटमळली. "छाती. छाती."

"तीनदा?"

"एकदा पुरतं!" आतून आत्या ओरडली. "पन्नास वर्षं शिवतेय, एकदा पुरतं!"

तो हसला. ती हसली नाही. तिचे दोन्ही हात कामात होते. तिने लाल वही उघडली, पान फाटल्या कडेला नीट जुळवले आणि सुई उचलली. या खेपेस दोरा तिने दुहेरी घेतला.