ओरिनच्या नावावरच्या दोन धावा

“त्या वरच्या खोपटात कोण गाढव बसलंय, देव जाणे!”

मार्लो क्रीकच्या बसस्टँडसमोरच्या खाणावळीत एकच स्टूल रिकामं होतं. त्यावर टेकता टेकताच ओरिन टॅगार्टनं ही आरती सुरू केली. गावच्या बेसबॉल संघात तो नुकताच आलेला पिचर, म्हणजे फटकेबाजाला चेंडू टाकणारा. वय तिशीला टेकलेलं आणि उजव्या कोपराला बर्फाची पिशवी बांधलेली.

शेजारच्या तरुणीनं कॉफीतून मान वर केली नाही. “काय केलं हो त्या गाढवानं?”

“चेंडू आमच्या गड्याच्या पायांतून गेला, आणि तो शहाणा म्हणतो, हिट! धाव चढली माझ्या माथी!”

“पायांतून नाही. उसळी आली आणि गुडघ्याला लागून गेला.”

“तुम्ही बघत होता वाटतं?”

“माझं कामच आहे ते.” आता तिनं वळून पाहिलं. “मी डेला होल्कम. ते गाढव.”

ओरिन कानापर्यंत लाल झाला. त्यानं टोपी काढून छातीशी धरली, आणि डेलाला इतकं हसू आलं की कॉफी नाकात गेली.

डेला दिवसा बियाण्यांच्या दुकानात असे आणि सामना असला की मैदानावरच्या उंच पत्र्याच्या खोपटात, संघाच्या स्कोअररच्या खुर्चीत. ती खुर्ची आधी तिच्या वडिलांची. त्यांची नजर गेली तशी खुर्ची लेकीकडे आली, आणि खुर्चीबरोबर त्यांचा नियमही: चेंडू खेळात असेपर्यंत डोळे हलवायचे नाहीत, मग मागे घर का पेटेना!

पिचरचं सगळं नशीब एका सरासरीवर टांगलेलं असतं. नऊ इनिंगमागे त्याच्या नावावर किती धावा चढल्या, ती सरासरी. पण झालेली प्रत्येक धाव त्याच्या नावावर चढत नाही. फटकाच जोरकस असला तर ती हिट, आणि धाव पिचरच्या माथी. हातातला सोपा चेंडू आपल्याच गड्यानं सोडला तर ती एरर. मग पाप सोडणाऱ्याचं, पिचरला धाव माफ. आणि हिट की एरर हे ठरवायचं कुणी? तर वरच्या खोपटातल्या एकट्या डेलानं.

त्या दिवसापासून ओरिननं एक खोड लावून घेतली. निर्णय बाजूनं लागो की विरुद्ध, तो खोपटाकडे बघून टोपीला हात लावायचा. डेला खाली मान घालून लिहीत बसायची... पण गाल कुठे लपतात?

“आज दोन धावा चढवल्यास माझ्या नावावर,” मैदानाच्या कुंपणाशी तो म्हणायचा. “दगड आहेस अगदी!”

“मग दगडाला घरी सोडायला का येतोस रोज?”

“वाट एकच आहे ना.”

“तुझी खोली गावाच्या त्या टोकाला आहे, ओरिन.”

“हो? बघ... माझं डोकंच चालत नाही हल्ली.”

कणसं भरली, आणि संध्याकाळी कुंपणाशी काजवे दिसू लागले. डेलाला वाटायचं, हा उन्हाळा संपूच नये. पण ओरिनचं कोपर दिवसेंदिवस सुजत चाललं होतं. ऑगस्टच्या अखेरीस मॅनेजरनं त्याला सरळच सांगितलं, “वरचे लोक आकडे मागताहेत. सरासरी पाचाच्या वर गेली की तुझी बॅग भरायची.”

त्या शनिवारी सामना रंगात आला होता. दोन गडी बाद, तिन्ही बेसवर समोरच्या संघाचे गडी धाव घ्यायला टपलेले. ओरिननं चेंडू टाकला आणि फटका बसला खाडकन! शॉर्टस्टॉपला, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, उभा होता एलाडिओ, बायकोमुलांना दूर बेटावर ठेवून आलेला. त्यानं डावीकडे अंग झोकून दिलं. चेंडू हातमोज्याच्या टोकाला चाटून मागे गेला आणि समोरच्यांनी पळून दोन धावा काढल्या.

“डेला, काय देऊ?” खोपटात शेजारी बसलेल्या माईकवाल्या हॉबर्टनं विचारलं.

ती हिट होती. आंधळ्यानंही सांगितलं असतं. पण हिट म्हटलं की दोन धावा ओरिनच्या माथी, सरासरी पाचाच्या वर, आणि ओरिन गावाबाहेर.

“एरर,” डेला म्हणाली.

हॉबर्ट तिच्याकडे बघतच राहिला. खाली एलाडिओनं मान घातली. ओरिननं वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं... पण टोपीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भुरभुर पाऊस होता, मैदानावर ताडपत्री अंथरलेली. डेला खोपटात एकटीच बसली होती. ओरिन भिजत जिना चढून आला.

“बदल ते. आज संध्याकाळपर्यंत बदलता येतं, ठाऊक आहे मला.”

“पिचर इथे एरर मागायला येतात. हिट मागायला कुणी येत नाही.”

“एलाडिओच्या जिवावर उठलीयेस तू. एवढं अंग टाकलं त्यानं! पुढच्या हंगामात त्याला ठेवायचं की नाही, तेही ह्याच आकड्यांवर बघणारेत.”

“आणि तू?”

“माझं कोपर गेलंय, डेला. आज नाही तर पुढच्या आठवड्यात.”

“एक आठवडा तरी मिळाला असता!” तिचा आवाज फुटला. “आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं मी. कशासाठी, तेही तोंडानं सांगायला हवं का तुला?”

“नको. कालच कळलं,” तो हळूच म्हणाला. “रात्रभर डोळा लागला नाही. माझ्यासाठी असं कधी कुणी केलं नव्हतं गं. माझंही प्रेम आहे तुझ्यावर. त्या नाकात गेलेल्या कॉफीपासून.”

“मग मी येते तुझ्याबरोबर.”

“कुठे? गावी भावाची डुकरं आणि त्याचा मोडका सोफा, एवढंच आहे तिथे. आणि तुझे वडील? तुझ्याशिवाय त्यांना अंगणातली पायरीसुद्धा सापडत नाही.”

पत्र्यावर पाऊस वाजत राहिला. मग तिनं पेन्सिल उलटी धरली, ‘एरर’ खोडलं, ‘हिट’ लिहिलं आणि लीगच्या कचेरीत फोन लावला.

ओरिननं तिचा हात क्षणभर गालाला लावून धरला. “उद्याच्या बसनं निघेन. बस इथूनच जाते, कुंपणामागून. डाव्या खिडकीशी बसतो. बघशील ना?”

“बघीन,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सामना सुरू होता. ओरिनच्या जागी कुणी नवा पिचर उभा होता. डेलाचं अर्धं लक्ष रस्त्याकडे. पुलावर बसचा भोंगा वाजला.

नेमका तेव्हाच फटका बसला. चेंडू पुन्हा शॉर्टस्टॉपकडे निघाला होता आणि एलाडिओनं पुन्हा अंग झोकलं होतं.

बस कुंपणामागून घरघरत चालली. डेलाला ती ऐकू येत होती. मान एवढीशी वळवायची, बस्स... पण परवाच एलाडिओच्या नावावर तिनं खोटं लिहिलं होतं. ती चेंडूकडे बघत राहिली. चेंडू हातमोज्याला चाटला, गवतात घरंगळला, आणि मग कुणीतरी तो उचलला.

तिनं मान वळवली तेव्हा रस्त्यावर बसचा नुसता धूर होता.

“कुणीतरी टोपी हलवत होतं बघ खिडकीतून,” हॉबर्ट म्हणाला. “ते जाऊ दे. डेला, काय देऊ?”

तिनं वहीवर पेन्सिल टेकवली.

“हिट,” ती म्हणाली.