सोनकीवाडीचा हिरवा दिवा

हिरवा दिवा खोटं बोलू शकतो का? पालवीला हा प्रश्न पडला तेव्हा ती आबांच्या अंगणात उभी होती आणि तिच्या गुडघ्यांपर्यंत अख्खा देश तरंगत होता.

संध्याकाळी पठारावर धुकं उतरलं, की आबा त्यावर प्रकाशाचा नकाशा उमटवत. आबा तिचे चुलत आजोबा. दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयात शास्त्रज्ञ होते. निवृत्त होऊन इथं पठारावरच्या पवनचक्क्यांखाली राहायला आले, पण नकाशाचा नाद काही सुटला नाही. धुक्यात असंख्य दिवे लुकलुकत. एकेक दिवा म्हणजे एकेका गावाचं आरोग्य उपकेंद्र. सगळं ठीक असेल तर हिरवा, साथीची शंका आली की पिवळा. पालवी त्यांतून अलगद चालायची, तेव्हा नद्या आपल्या पायांना गुदगुल्या करताहेत असं तिला वाटायचं.

आज मात्र तिचा पाय अडला. तिच्या गावाचा, सोनकीवाडीचा, दिवा हिरवागार होता, आणि घरी तिचा धाकटा भाऊ केदू तापानं फणफणला होता. अंगभर लाल पुरळ! आईनं दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधून बजावलं होतं, "बाहेर बोलायचं न्हाई हां. देवी आल्यात घरात. बोभाटा केला की कोपत्यात."

"आबा, नकाशाला सगळं दिसतं?"

"छे गं! नकाशा आंधळाच. गाव सांगेल तेवढंच त्याला दिसतं. आरोग्यसेविका घरोघरी विचारते, ते जिल्ह्याला, राज्याला आणि मग दिल्लीला पोचतं. त्याला म्हणतात रोगसर्वेक्षण (कुठे, कुणाला, कोणता आजार झाला यावर सतत ठेवलेली नजर)."

"पण मंत्रालय एवढं लांब. ते काय औषध पाजायला येणार आहे होय?"

आबा हसले. "ते नाही येत. पण गावाला आपल्यापुरतंच दिसतं. सगळ्या देशाकडे एकदम बघणारं कुणीतरी लागतंच की! कोणती लस कोणत्या वयात टोचायची, कोणत्या राज्याला किती पाठवायची, हे तिथं ठरतं. समज, कुठे गोवर निघाला, म्हणजे ताप आणि अंगभर लाल पुरळ. तो हवेतून पसरतो. एक दिवा पिवळा झाला, की भोवतालच्या गावांत गोवराआधी लस पोचवायची धावपळ सुरू होते. तान्ह्यांना एरवी नऊ महिने भरल्यावर टोचतात. साथीत त्याआधी द्यायची का, हेही तिथले तज्ज्ञ सांगतात."

पालवीनं घाईनं मावशीच्या गावाचा दिवा शोधला. परवाच मावशीच्या चिमीचं उष्टावण झालं होतं. चिमी सात महिन्यांची, आणि केदूनं तिला दुपारभर मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं.

मावशीचं गाव शेजारीच लुकलुकत होतं, हिरवं, बेसावध. देवी कोपली तर? आणि चिमीच तापली तर?

"आबा," तिला रडूच फुटलं, "आपला दिवा खोटा आहे! केदूला गोवर आलाय, आईनं दाराला डहाळा बांधलाय. परवा चिमी त्याच्याजवळ होती."

आबांनी आधी तिचे डोळे पुसले, मग आरोग्यसेविकेला फोन लावला. "बाहेरच्यांना घरात घेतलं नाही, हे तुझ्या आईनं शहाणपणाचंच केलं," ते म्हणाले. "फक्त सांगायला हवं होतं."

सोनकीवाडीचा दिवा सोनकीच्या फुलासारखा पिवळा झाला. भोवतीचे दिवे एकामागून एक जागे झाल्यासारखे उजळले.

सकाळी गुणगुणत लशींची एक उडती पेटी उतरली. शीतसाखळीतलं (कारखान्यापासून बाळाच्या दंडापर्यंत लस थंड ठेवण्याच्या व्यवस्थेतलं) शेवटचं वाहन ते. केदूला गोवरात डोळे जपणाऱ्या 'अ' जीवनसत्त्वाचा डोस मिळाला, आणि तिकडे सुई टोचताच चिमीनं असा टाहो फोडला, की मावशीलाही रडू आलं. आई मात्र दिवसभर पालवीशी बोलली नाही. पालवीला ते फार लागलं.

केदू खेळू लागला. चिमीच्या अंगावर पुरळ उठलंच नाही. काही आठवड्यांनी दिवा पुन्हा हिरवा झाला, आणि त्या संध्याकाळी आई पहिल्यांदाच पठारावर आली.

"एक दिवस या नकाशात गोवरानं पिवळा झालेला एकही दिवा नसेल," आबा म्हणाले.

आई दिव्यांमधून जपून पावलं टाकत धुक्यात शिरली. "यातलं आपलं गाव कंचं?" पालवीनं बोट दाखवलं. आई वाकली, दिव्यावरून हळूच हात फिरवला आणि म्हणाली, "आबा, खालच्या आळीत दोन घरांत जुलाब लागल्यात. पाण्याचं बघा म्हनावं नर्सबाईंना."

आबांनी फोन लावला आणि दिवा पिवळा झाला. आईनं पालवीचा हात घट्ट धरला, आणि या वेळी कुणालाही रडू आलं नाही.