एकाच रंगाच्या दोन साड्या

बंगलोरच्या चिकपेट बाजाराच्या गर्दीत आपला नवरा ओळखायला हेमलताला तोंड दिसायची गरज नव्हती. पाठ पुरे होती. डावा खांदा किंचित खाली, कॉलर मागून नेहमीसारखी दुमडलेली... आणि शेजारी तिनंच सकाळी भरून दिलेली निळी पिशवी!

क्षणभर तिला वाटलं, आपलीच काहीतरी चूक होतेय. उमाकांतराव तर इलेक्ट्रॉनिक सिटीला गेले होते, मुकुलकडे, म्हणजे त्यांच्या मुलाकडे. "संध्याकाळपर्यंत येतो गं," म्हणून सकाळीच येलहंक्याहून निघाले होते. ती दुपारी फॉल आणि अस्तर घ्यायला इकडे आली, पावसाची भुरभुर सुरू झाली म्हणून या साडीच्या दुकानाची पायरी चढली, आणि आत बघते तर काय — स्वारी गादीवर मांडी घालून बसलेली! मुकुलसाठी दिलेला चकल्यांचा डबा उघडा, आणि समोरचा दुकानदार मजेत चकली खातोय.

"या वर्षी एकच, सर?" दुकानदार विचारत होता.

"एकच, व्यंकोजी. एकदम वेगळी दाखवा."

हेमलता दारातच थबकली. एकच? दर वर्षी तर दोन असायच्या, एक त्यांच्या बहिणीला, एक बायकोला. मग तिच्या लक्षात आलं. एकच घेणार, म्हणजे बहिणीला घेणार. बायकोला नाही. बरोबरच होतं म्हणा. लग्नाच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला गावी येणार नाही, असं तिनंच चार दिवसांपूर्वी सांगून टाकलं होतं. गुडघ्यांचं निमित्त केलं होतं. खरं कारण गुडघ्यात नव्हतं.

ते कारण कळायचं तर बोरजाईवाडीला जायला हवं. माण तालुक्यातलं हे एवढंसं गाव. ओढ्याच्या अलीकडे उमाकांतचं घर, पलीकडे हेमलताचं. उमाकांत डिप्लोमा करून बंगलोरला विमानांच्या कारखान्यात लागला, तेव्हा पंचक्रोशीतल्या मुलींच्या बापांची त्याच्या दारी रीघ लागली. पण त्याची बहीण द्वारका पोलिओनं एका पायानं अधू होती, आणि वडिलांनी सांगून टाकलं होतं, "आमच्या द्वारकेला जो सून करील, त्याचीच लेक आम्ही करू." साटंलोटं! त्या सौद्यात हेमलताचा भाऊ श्रीहरी द्वारकेचा नवरा झाला आणि उमाकांत हेमलताचा. एक मांडव, एक मुहूर्त, दोन लग्नं. नणंद तीच भावजय, मेहुणा तोच दाजी.

साट्याचा कायदा साधा असतो. इकडे जे, तेच तिकडे. सासूबाईंनी पहिल्याच दिवाळीला लेकाला बजावलं होतं, "बायकोला घेशील ते बहिणीला, आणि बहिणीला घेशील ते बायकोला. डावं-उजवं दिसता कामा नये." उमाकांतनं ते शब्दाला शब्द पाळलं. लग्नाच्या दर वाढदिवसाला एकाच रंगाच्या, एकाच काठाच्या दोन साड्या. हेमलताला घड्याळ आलं की आठवड्यात तसलंच घड्याळ बोरजाईवाडीला पोचलेलं असायचं. तिची एकटीची म्हणावी अशी एक वस्तू कपाटात नव्हती.

माणूस मात्र सोन्यासारखा. हे तर तिची आईसुद्धा मरेपर्यंत म्हणत होती. पाच वाजता उठून पाणी भरणार, पहिला चहा करून तिच्या उशाशी ठेवणार, रस्ता ओलांडताना न बोलता तिचं कोपर धरणार. तिला टायफॉइड झाला तेव्हा कारखान्यातून रजा घेऊन महिनाभर या माणसानं भाकऱ्या थापल्या होत्या. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला होता, विसावी भाकरी टम्म फुगली. अशा नवऱ्याबद्दल तक्रार करायची म्हणजे दृष्ट लागायची. हेमलतानं कधी केलीही नाही. पण तिच्या मनात एक कुसळ रुतून बसलं होतं — चांगला माणूस कुणाशीही चांगलाच वागला असता. द्वारकेच्या बदल्यात दुसऱ्या घरची कुणी आली असती, तर तिलाही त्यानं असाच चहा दिला असता. आपल्याला त्यानं निवडलं कुठं होतं? आपण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात होतो, एवढंच.

गेल्या वर्षी गावी पंगतीत एक म्हातारी हसत हसत बोलून गेली, "हेमे, द्वारकीचा पाय धड असता तर तू कशाची बघतीस बंगलोर!" सगळे हसले. हेमलताही हसली. आणि तिनं मनाशी ठरवलं, आता पुन्हा त्या जोडीच्या साडीत तिथं बसायचं नाही.

म्हणून तर ती आता दुकानाच्या पायरीवरून मागे वळत होती. तेवढ्यात समोरच्या मोठ्या आरशात दोघांची नजरानजर झाली.

उमाकांतराव दचकले. चोरी पकडल्यासारखे कानापर्यंत लाल झाले... आणि मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. ते उठून उभे राहिले.

"बाई, एक मिनिट. घाईत नसलात तर... जरा मदत कराल? मला रंगातलं काही कळत नाही."

बाई! तुम्ही! पंचेचाळीस वर्षं 'अगं'शिवाय हाक न मारणारा हा माणूस! हेमलतानं डोळे बारीक केले. असं का? मग होऊन जाऊ दे. ती पुढे येऊन गादीच्या कडेला बसली, अगदी परकीसारखी, पदर सावरून.

"कुणासाठी घ्यायचीय?"

"आहेत एक बाई. आमच्या गावच्या. ओढ्यापलीकडच्या."

"सर दर वर्षी दोन नेतात, अक्का," व्यंकोजी साड्यांचा ढीग पुढे सारत म्हणाले. चिकपेटात त्यांच्या सात पिढ्या गेल्या होत्या, मराठीला कानडीची फोडणी पडली होती. "एक बहिणीला, एक घरच्या अम्मांना. सेम टु सेम. घरच्या अम्मांना आमी कदी बगितलं नाही. यंदाच सर म्हणतात, एक पुरे."

"मग यंदा दोघींतलं कोण नावडतं झालं?" हेमलतानं साडीच्या काठावरून नजर न उचलता विचारलं.

"बहिणीनंच फोन केला," उमाकांतराव म्हणाले. "म्हणाली, दादा, तुझ्या बायकोला शोभणारे रंग नेसून मी कावळी दिसते. पंचेचाळीस वर्षं सोसलं. यंदा एकच घे, आणि आवडीनं घे." त्यांनी पिशवीचा बंद सारखा केला. "आणखीही काही म्हणाली."

म्हणजे द्वारकेची नव्हती साडी! हेमलताच्या छातीवरचा दगड हलला. पण दगड हलला म्हणजे गेला असं नाही. बहिणीनं सांगितलं म्हणून घेतायत, तिला वाटलं. याही वेळी पारडं तिकडून हललं.

"वर्ण कसा आहे तुमच्या त्या बाईंचा?" तिनं कोरडेपणानं विचारलं.

"सावळा. आणि रागावल्या की नाकाचा शेंडा तेवढा लाल होतो. आत्ता तुमचा झालाय ना... तसाच."

व्यंकोजींची चकली तोंडाजवळ थांबली. हेमलतानं ओठ घट्ट मिटले, नाहीतर हसूच फुटलं असतं.

"लग्नाआधी नीट पाहिलं होतंत त्यांना? की वाडवडिलांनी बांधली तीच गाठ?"

हा प्रश्न तिनं नवऱ्याला कधीच विचारला नव्हता. परक्या माणसाला विचारणं किती सोपं होतं!

उमाकांतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"अठ्ठ्याहत्तर साल. मी रजेवर आलो होतो. दहिवडीहून एसटीनं गावी चाललो होतो, मागच्या बाकावर. पुढे ओढ्यापलीकडची एक मुलगी, मांडीवर कोंबडी घेऊन. कंडक्टर म्हणाला, कोंबडीचं तिकीट काढ. ती म्हणाली, 'मांडीवरच्या पोराला तिकीट नाही, मग मांडीवरच्या कोंबडीला का?' तो म्हणाला, 'कायदा आहे.' ती म्हणाली, 'दाखवा कायदा!' सगळी गाडी थांबली. कंडक्टर कायद्याचं पुस्तक शोधतोय, कोंबडी ओरडतेय, आणि ती मुलगी... नाकाचा शेंडा लाल, पण एक इंच मागे सरकायला तयार नाही."

हेमलताच्या हातातली साडी तशीच राहिली. ती कोंबडी पुढच्या गावी मावशीकडे पोचवायची होती. भर गाडीत भांडले म्हणून आई ओरडेल, या भीतीनं तिनं ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती. श्रीहरीला नाही, द्वारकेला नाही, नवऱ्याला तर नाहीच.

"पुढं काय झालं, सर?" व्यंकोजींनी विचारलं.

"पुढं काय! तिच्याकडे बघता बघता आपल्या गावचा फाटा मागे गेला. तीन मैल मागे चालत घरी आलो. त्या रात्री वडील द्वारकेसाठी घरं मोजत होते. उसाचे मळेवाले एक जण तयार होते, त्यांची मुलगीही गोरीपान. मी म्हटलं, बघायचंच असेल तर ओढ्यापलीकडे बघा. आयुष्यात पहिल्यांदा वडिलांसमोर तोंड उघडलं."

"आणि हे त्या बाईंना इतकी वर्षं सांगितलं नाहीत?" हेमलताचा आवाज आता परक्या बाईचा राहिला नव्हता.

"कसं सांगणार? मला ओढ्यापलीकडची हवी होती म्हणून द्वारकेला त्या घरी दिलं, असा त्याचा अर्थ झाला असता. तिला वाटलं असतं, भावानं स्वतःच्या सुखासाठी मला साट्यात लोटलं. परवा तिनंच फोनवर सांगितलं, 'दादा, मला सगळं तेव्हाच कळलं होतं. आणि मलाही श्रीहरीच हवा होता. तू कसला गप्प बसतोस? हेमा आतून कुढतेय.'"

बाहेर भुरभुर थांबली होती. रिक्षांचे हॉर्न, हमालांच्या हाका, सगळं चाललं होतं. हेमलताला मात्र फक्त समोरचा माणूस दिसत होता. तिनं सोंग बाजूला ठेवलं.

"अहो, खरं सांगा. द्वारकेचा पाय धड असता तर?"

"तर मी एकटाच ओढा ओलांडून आलो असतो."

"आणि मी नाही म्हटलं असतं तर?"

"अय्यो!" व्यंकोजींनी डबा खाली ठेवला. "घरच्या अम्मा?"

त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही. उमाकांतरावांची मान खाली गेली होती.

"त्याचीच भीती होती," ते हळूच म्हणाले. "साट्यात मुलीला नाही म्हणायला जागाच नसते, हेमा. तू नाही म्हटलं असतंस तर तुझ्या भावाचंही लग्न मोडलं असतं. मला ते ठाऊक होतं... आणि मला ते सोयीचं पडलं. मी तुला निवडलं, पण तुला कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही. चहा देताना रोज वाटतं, आज विचारावं. रोज कप ठेवून मागे फिरतो."

हेमलताच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी वर्षं ती स्वतःचंच कुसळ कुरवाळत बसली होती. हा माणूस रोज सकाळी तिच्या उशाशी उत्तराला घाबरत उभा होता, हे तिच्या गावीही नव्हतं. तिला त्याचं भारी प्रेम आलं.

"मग आता विचारा," ती म्हणाली.

"इथं?"

"इथंच. आणि मघासारखं, 'तुम्ही' म्हणून."

सत्तर वर्षांचे निवृत्त इंजिनिअर गादीवर ताठ बसले. दुमडलेली कॉलर सारखी केली. घसा दोनदा खाकरला.

"हेमलताबाई... माझ्याशी लग्न कराल का?"

अबोली रंगाची, हिरव्या काठाची एक साडी तिनं ढिगातून ओढली, खांद्यावर टाकून आरशात पाहिली, डावीकडून, उजवीकडून. उमाकांतरावांच्या कपाळावर घाम आला. पंचेचाळीस वर्षांचा संसार पाठीशी असूनही त्यांना खरंच ठाऊक नव्हतं, ती काय म्हणेल ते. हे तिला दिसलं, आणि ते बघण्यातच तिला सगळं मिळालं.

"हो," ती म्हणाली. "आणि ऐका, हे हो माझं एकटीचं आहे. याच्या बदल्यात कुणी कुणाला काही द्यायचं नाही."