वाऱ्याकडे पाठ

नांगरलेली होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. यात कसलं शहाणपण नाही, ते शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या बेटावरच्या टिरेल बे या खाडीत वारा बहुतेक उगवतीचाच, म्हणून खाडीतल्या सगळ्या होड्यांची नाकं गावाकडे आणि पाठी समुद्राकडे. अकरा वर्षं मी इथे होडीवरच राहते आहे. माझ्या नवऱ्याने, ऑल्स्टनने, ती स्वतःच्या हाताने बांधली आणि तिला आपल्या आईचं नाव दिलं, ‘लेडी इझमे’. सासूबाई जमिनीवर आणि मी त्यांच्या पोटात, असं मी चारचौघांत म्हणायचे. तो नुसता हसायचा.

मार्चमध्ये तो चुलतभावाच्या मासेमारीच्या बोटीतून गेला. बोटीच्या चार फळ्या रोंड बेटाला लागल्या, माणसं लागली नाहीत. तेव्हापासून होडीवर मी आणि आमची दहा वर्षांची केझिया. सगळे म्हणाले, जमिनीवर चल. मी गेले नाही. केझिया झोपली की इतकं एकटं वाटायचं की घासलेली भांडी मी पुन्हा घासायला घ्यायचे.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी शेजारच्या होडीवरून म्हातारा कथबर्ट ओरडला, "व्हर्लिन, सासूबाई रुसल्यात का गं? सगळ्यांची तोंडं इकडे, आणि यांचीच पाठ."

वर येऊन पाहिलं. आमच्या होडीचं नाक नैर्ऋत्येला, उघड्या समुद्राकडे होतं, आणि वारा मागून लागत होता. मी म्हणाले, प्रवाह असेल. मग म्हणाले, साखळी खडकात अडकली असेल. कथबर्टने बुडी मारली. वर आला आणि शिडी धरली.

"साखळी सैल पडलीय तळाशी," तो म्हणाला. "होडीला काहीच ओढत नाहीये."

"मग अशी का उभी आहे?"

"मला नको विचारू, बाई."

दुपारी त्याने नांगर उचलला आणि आपली होडी खाडीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन लावली.

मला कोडं सोडवायची एकच रीत माहीत आहे, तीही ऑल्स्टननेच शिकवलेली. रविवारी सकाळी होकायंत्रावर नाकाची दिशा घेतली आणि नकाशावर तशी रेघ मारली. लगेच शीड चढवून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला हिल्सबरो बंदरात गेले, नांगर टाकला. तिथेही होडी वाऱ्याकडे पाठ फिरवून उभी राहिली. दुसरी रेघ मारली. दोन जागांवरून एकाच वस्तूकडे रेघा मारल्या की जिथे त्या छेदतात तिथे ती वस्तू असते. माझ्या रेघा रोंड बेटापाशी छेदल्या. आमच्यापासून आठ मैल.

सोमवारी पुन्हा केलं. सात मैल. मंगळवारी सहा.

मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला.

गुरुवारी सासूबाई धक्क्यावर आल्या. "पोरी, शनिवारी ऑल्स्टनच्या नावाचा थडग्याचा दगड बसवते. जेवणाला मेंढी सांगितलीय, ढोलवाले सांगितलेत. तुझा होकार तेवढा हवा. बायकोच्या होकाराशिवाय दगड बसत नाही."

"खाली माणूस नाही, आणि वर दगड कसला, आई?"

"म्हणूनच तर. रोज स्वप्नात येतो, निथळत. त्याला कुठेतरी टेकू दे."

"आठवडाभर थांबा."

"का?"

तो चार मैलांवर आहे, हे कसं सांगणार? "माझं मन होत नाही," मी म्हणाले.

"तुझं मन," सासूबाई म्हणाल्या. "आणि पोरीचं काय?" पण त्या थांबल्या. तो शनिवार दगडाविना गेला.

सोमवारी केझिया शाळेत होती. मी मक्याचं पीठ घोटून कूकू केला, माशाचा रस्सा केला. दीडच्या सुमाराला होडी सावकाश फिरली, पूर्ण दोन वेढे, आणि इतरांसारखं गावाकडे नाक करून थांबली. मग तिची उजवी बाजू दबली.

होडीवर राहणाऱ्याला पावलं कानांनी ओळखावी लागत नाहीत. कोण चढलं ते अंगाला कळतं. ऑल्स्टन चढला की होडी अशीच कलायची आणि लगेच सरळ व्हायची. आता ती कललेलीच राहिली.

"आलास?" मी म्हणाले.

उजव्या बाकावर ताट ठेवलं. ते निवलं. मी शेजारी बसून राहिले. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला एकटं वाटलं नाही, हे सांगायला मला लाज नाही.

चार वाजता केझिया छोटी होडी वल्हवत आली आणि डाव्या बाकावर अभ्यासाला बसली.

होडी सरळ झाली. मग डावीकडे कलली.

मी केझियाला उजवीकडे बोलावलं. होडी उजवीकडे कलली. पुढून पाणी आण म्हणाले, तर पुढचं टोक दबलं. पोरीच्या वजनाने पाण्यावर साधा तरंगही उठत नाही. मी तीनदा जागा बदलून बसले. माझ्याकडे तो एकदाही सरकला नाही.

"आई, थंडी वाजतेय," केझिया म्हणाली. बाहेर ऊन रणरणत होतं.

त्याच तासाला तिला आजीकडे नेऊन सोडलं. "दगड बसवा, आई. उद्याच बसवा."

"मेंढी परत गेली. ढोलवाले शनिवारशिवाय येत नाहीत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय झालं?"

"तोवर हिला पाण्याजवळ सोडू नका."

मी होडीवर परतले. त्याला तिथे धरून ठेवायला कुणीतरी हवं होतं, असं मला वाटत होतं.

मंगळवारी होडीचं नाक इतरांपेक्षा जरा डावीकडे होतं. सवयीने दिशा घेतली. टेकडीवरची शाळा. तीन वाजता शाळा सुटली आणि नाक हलायला लागलं, रस्त्याच्या वळणा-वळणाने, सासूबाईंच्या पत्र्याच्या घरापर्यंत. रात्रभर ते तिथेच होतं. बुधवारी तसंच. गुरुवारी तसंच. मी बाकावर बसून बघत राहायचे. कुणी माझ्याशी बोललं नाही.

शुक्रवारी तीन वाजता नाक शाळेवरून हललं. पत्र्याच्या घरापाशी थांबलं नाही.

दुकानावरून पुढे आलं. बदामाच्या झाडावरून पुढे आलं.

धक्क्याच्या टोकाला केझिया उभी होती, शाळेच्याच कपड्यांत.

"घरी जा," मी ओरडले. समोरचा वारा आवाज माझ्याच तोंडावर आणून टाकत होता.

त्याच वाऱ्यात आमची होडी पुढे सरकत होती. शीड गुंडाळलेलं होतं.

केझियाने हात वर केला. ती हसत होती. माझ्याकडे बघून नाही. माझ्या डावीकडे, हातभर अंतरावर, जरा वर बघून.

ऑल्स्टन माझ्यापेक्षा वीतभर उंच होता.