सांगितलंच पाहिजे असं नाही

कसबा पेठेतल्या तांबट आळीत मी घंटा घ्यायला गेले होते. देवाची नव्हे. चहाच्या सुट्टीनंतर ट्रेनिंगमधली माणसं परत खुर्च्यांवर आणायला लागते ती. आयुष्यात पहिल्यांदा मी अख्खं सेशन एकटीने घेणार होते आणि मला सगळं अगदी देखणं हवं होतं.

"वाजवून बघू का?" मी दुकानदाराला विचारलं.

"घेणार असाल तर," तो मान वर न करता म्हणाला.

मी वाजवली. चांगली जोरात. पाठमोऱ्या उभ्या असलेल्या एका माणसाच्या हातातलं पातेलं धाडकन खाली पडलं, आणि तो स्वतः भिंतीला जाऊन टेकला. एवढा उंचापुरा माणूस इतका दचकलेला मी कधी पाहिला नव्हता. मला हसू आलं... आणि ते मी आवरलं नाही.

तोही हसला. पण जरा उशिराने.

"सॉरी हं! लागलं का?"

"मला नाही. मामींच्या पातेल्याला लागलं असेल. कल्हईसाठी आणलं होतं, आता पोचाही काढून घ्यावा लागेल."

"तुम्ही पुण्याचे दिसत नाही."

"कशावरून?"

"पुण्याचा माणूस एव्हाना माझ्यावर ओरडला असता."

"नागपूरचा आहे. आमच्याकडे आधी चहा पाजतात, मग ओरडतात."

कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात आम्ही चहा प्यायलो. त्याचं नाव प्रज्ञेश. तो नर्स होता आणि खडकीला मामांकडे उतरला होता. मामा दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले. चहा पिताना त्याने भिंतीला पाठ लावली, आणि त्याची नजर माझ्यावरून सारखी रस्त्याकडे जात होती. मला वाटलं, लाजतोय! किती गोड, असंही वाटलं. वर्षभर मी मनावरच्या आघातांविषयीची जी पुस्तकं वाचत होते, त्यांच्या पहिल्या प्रकरणातच असा माणूस असतो. पण तो समोर बसला, तेव्हा मी त्याच्या पापण्या बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हजेरीचा कागद हातात घेतला आणि त्यात नाव वाचलं – प्रज्ञेश मेश्राम. मान वर केली, तर तो दाराजवळच्या खुर्चीत.

"तुम्ही?"

"घंटा कुठंय?" तो म्हणाला. "आज आधी सांगून वाजवा."

आमच्या संस्थेचं काम थोडक्यात सांगते. जिथे बंदुका चालतात, दंगली होतात, अशा भागांत डॉक्टर, नर्स, शिक्षक, वकील काम करतात. त्यांना शिकवणारे जे प्रशिक्षक असतात, त्यांना आम्ही शिकवतो. समोरच्या माणसाच्या मनावर काय काय होऊन गेलेलं असू शकतं, याचं भान ठेवून वर्ग कसा घ्यावा, हे. प्रज्ञेश गडचिरोलीकडच्या एका दवाखान्यात सहा वर्षं होता, आणि आता तिथल्या नव्या नर्सेसना तो तयार करणार होता.

त्या सकाळी बावीस जण होते. एसीसाठी मी दार लावून घेतलं. स्लाइड नंबर चार मी स्वतः मोठ्याने वाचली: 'कुणालाही बोलण्याची सक्ती नाही.' आणि पुढच्या पाच मिनिटांत म्हणाले, "आता सगळ्यांनी डोळे मिटायचे. कामावरचा सगळ्यात अवघड दिवस आठवायचा."

"मी डोळे उघडे ठेवले तर चालेल?" प्रज्ञेशने विचारलं.

"थोडा विश्वास ठेवा की माझ्यावर," मी म्हणाले. आणि हसले. ते हसू प्रशिक्षकाचं नव्हतं, कालच्या चहावरचं होतं.

त्याने डोळे मिटले. माझ्यासाठी मिटले.

मग मी विचारलं, कोण सांगेल? कुणीच हात वर केला नाही. बावीस जणांमधून मी त्याचं नाव घेतलं. का घेतलं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्याने माझ्याकडे बघत बोलावं, एवढंच मला हवं होतं.

"नको," तो म्हणाला.

"जमेल तेवढंच... प्लीज."

तो बोलला. जंगलातल्या रस्त्यावर दवाखान्याची जीप. पुढच्या वळणावर स्फोट. गाडी चालवणारे भीमरावकाका बाहेर फेकले गेले होते आणि त्याला हाक मारत होते. हा नाल्यात पडून होता. "मला लागलेलं नव्हतं," तो म्हणाला. "मला ऐकू येत होतं सगळं. ते माझं नाव घेत होते. मी उठलो नाही. आवाज बंद होईपर्यंत उठलो नाही."

पुढे तो नुसता रडला. खांदे वर-खाली होत होते, आणि तोंडातून आवाज नाही.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं, पण मी फोन काढला. त्याचा झुकलेला माथा, शेजारणीचा त्याच्या पाठीवर हात... संस्थेच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'पहिलाच दिवस आणि इतकं खोल शेअरिंग!' वर दोन बदाम.

जेवणाच्या सुट्टीनंतर मी घंटा वाजवली. दाराजवळची खुर्ची रिकामीच राहिली.

संध्याकाळी शर्मिलाताईंनी मला बोलावलं. आमच्या संस्थेत त्या सगळ्यात अनुभवी. आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते.

"तो फोटो काढून टाक."

"काढला, ताई."

"कधी? अठरा जणांनी बघितल्यावर?"

मी खाली बघितलं.

"स्लाइड चार म्हणून दाखव."

"कुणालाही बोलण्याची... सक्ती नाही."

"पाठ आहे. छान. आता सांग, त्यालाच का निवडलंस?"

माझे कान तापले. शर्मिलाताईंनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि फक्त "हं" म्हणाल्या. तो 'हं' मला घरापर्यंत ऐकू येत होता.

मला धावत खडकीला जायचं होतं, त्याच्यापुढे हात जोडायचे होते. ताईंनी अडवलं. "ही माफी कुणासाठी? त्याच्यासाठी, की तुला झोप यावी म्हणून? आधी त्याला विचार, ऐकायची आहे का."

मी मेसेज लिहिला. नऊ वेळा खोडला. शेवटी इतकाच गेला: 'मी चुकले. मला माफी मागायची आहे. ऐकायची की नाही हे तुम्ही ठरवा. उत्तर नाही दिलंत तरी चालेल.'

दोन निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर मात्र आलं नाही. ट्रेनिंगचे उरलेले दोन दिवस संपले. आई म्हणाली, "अपेक्षा, भाजीत मीठ नाही." मी मीठ घातलं, तर म्हणाली, "आता खारट झाली." हॉलमधली ती टाळी मला मध्येच ऐकू यायची, आणि मी रस्त्यातच डोळे घट्ट मिटायचे. कुणीतरी बघतंय असं वाटायचं.

पाचव्या दिवशी मेसेज आला: 'खडकी स्टेशन. शनिवार, पाच वाजता. चहा मी पाजणार नाही.'

तो फलाटाच्या टोकाच्या बाकावर होता, भिंतीला पाठ लावून. मी शेजारी बसले नाही. "कुठे बसू?" विचारलं. त्याने बोटाने बाकाचं दुसरं टोक दाखवलं.

"बोला."

"तुम्ही नको म्हणालात, तरी मी बोलायला लावलं," मी म्हणाले. घरून सगळं ठरवून आले होते, तरी आवाज फाटत होता. "दार बंद केलं. तुमचा फोटो काढला आणि पाठवला. तो अठरा जणांनी पाहिला. आणि... तुम्हाला निवडलं, कारण तुम्ही मला आवडला होतात. बाकी कारण नव्हतं."

लोणावळ्याची लोकल आली, थांबली, गेली. तो तिच्याकडेच बघत होता.

"फोटोचं मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. पण सांगितलं ते बरं झालं, असंही आतून वाटलं.

"मी आईलाही सांगितलेलं नव्हतं ते," तो हळूच म्हणाला. "बावीस जणांना सांगून बसलो. आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. कशाच्या हो? काका मेले याच्या, की मी लपलो याच्या?"

काही चांगलंसं बोलावं असं ओठांवर आलं होतं – तुमची काही चूक नव्हती, वगैरे. मी ते गिळलं. त्याने विचारलं नव्हतं.

"राग आहे मला तुमचा," तो म्हणाला.

"असू दे."

"बरेच दिवस राहील."

"राहू दे."

त्याने पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडे बघितलं. "भांडत का नाही तुम्ही? पुण्याच्या ना?"

"आज सुट्टी घेतलीय," मी म्हणाले. त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला. फार नाही.

त्यानंतर आम्ही तीन शनिवार भेटलो. त्याची महिन्याची रजा होती. खडकी बाजारातून चालायचो, तो मामींसाठी भाजी घ्यायचा, मी त्याच्या घासाघिशीला नावं ठेवायचे. "दोन रुपयांसाठी एवढं?" "दोन रुपयांसाठी नाही, तत्त्वासाठी." एकदा रस्त्यावर एका बुलेटच्या सायलेन्सरने फटाका फोडला आणि तो जागीच थिजला. मी हात लावला नाही, नुसती थांबले. रहदारी आमच्या दोन्ही बाजूंनी शिव्या घालत जात राहिली. दोन-तीन मिनिटांनी तो म्हणाला, "कोथिंबीर राहिली." आम्ही कोथिंबीर घ्यायला परत फिरलो.

मी त्याला त्या दिवसाबद्दल काहीच विचारलं नाही. हे कठीण होतं, कारण आता मला तो नुसता आवडत नव्हता... त्याचं सगळं दुखणं काढून घ्यावं असं वाटायचं. आणि तसं वाटलं की लगेच लाज वाटायची, कारण मागच्या वेळीही मला हवं होतं म्हणूनच मी त्याच्या आत हात घातला होता.

महिन्याने ट्रेनिंगचा दुसरा टप्पा होता. मी ताईंना म्हणाले, मी नाही घेणार. प्रज्ञेशला सांगितलं, तर तो चिडला. "म्हणजे माझ्यावर शिकून घेतलं आणि आता घरी बसणार? घ्या तुम्ही. मी येतो. दार उघडं पाहिजे."

मी दार उघडं ठेवलं. बाहेरच्या रिक्षांचे हॉर्न आत येत होते. "मागच्या वेळी मी या वर्गात एकाला 'नको' म्हटल्यावरही बोलायला लावलं," मी सगळ्यांना सांगितलं. त्याची परवानगी आदल्या दिवशी घेतली होती. "आपण टाळ्या वाजवल्या. ती सुरुवात मी केली. ती चूक होती, आणि ती माझी होती."

कुणीतरी पेन बंद केल्याचा आवाज आला. माझा चेहरा भाजत होता, पण मी तो खाली घातला नाही.

दुपारी एका शिक्षिकेने बोलायला सुरुवात केली आणि मध्येच ती पदर बोटांभोवती गुंडाळू लागली. तिच्या शाळेत काय झालं ते ऐकायला सगळे पुढे झुकले. मी विचारलं, "इथेच थांबूया का? की पुढे जायचंय?"

"थांबूया," ती म्हणाली.

"थांबूया," मी म्हणाले. खिडकीबाहेर काय दिसतंय ते आम्ही एकमेकांना सांगितलं – वायरवरची खार, कुणाचा तरी वाळत घातलेला शर्ट – आणि पाणी प्यायलो. ती अर्धवट राहिलेली गोष्ट तिची तिच्याकडेच राहिली.

संध्याकाळी खुर्च्या रचताना प्रज्ञेश जवळ आला.

"उद्या रिकामी आहेस?" तो म्हणाला. 'आहात' नव्हे. 'आहेस'. माझ्या हातातली खुर्ची तशीच राहिली.

"का?"

"भीमरावकाकांची बायको येरवड्याला राहते. मुलीकडे. मी ट्रेनिंगला पुणंच का निवडलं असं तुला वाटलं? तीनदा गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत आलो." तो थांबला. "तू आत यायचं नाहीस. काही बोलायचं नाहीस. नुसतं बाहेर उभं राहायचं... जमेल?"

"जमेल."

येरवड्यातली ती गल्ली अरुंद होती. निळ्या रंगाचं दार, बाहेर तुळशीसारखी जपलेली मिरचीची कुंडी. दाराशी पोचल्यावर त्याने एकदा मागे पाहिलं. त्याचा रंग उडाला होता. मग तो आत गेला.

मी समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीजवळ उभी राहिले. वीस मिनिटं. अर्धा तास. आतून आधी काहीच आवाज नाही, मग एका बाईचं मोठ्याने रडणं, आणि मग बराच वेळ पुन्हा काहीच नाही. ऊन डोक्यावर आलं. आत जावं असं शंभर वेळा वाटलं. मी पायातली चप्पल बघत राहिले.

तासाने दार उघडलं. तो बाहेर आला. डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावरून काहीतरी उतरल्यासारखं. त्याच्या मागोमाग एक वाळकी, सावळी बाई आली. यमुनाबाई. तिने त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं, सोडलं की तो पुन्हा पळून जाईल अशा भीतीने.

"ही पोरगी काहून उभी आहे उन्हात?" ती म्हणाली. "मघापासून दिसून राहिली. तुझ्यासोबत आहे?"

"हो," प्रज्ञेश म्हणाला.

"मग आत बोलव ना. आणि कोण होय ती तुझी?"

प्रज्ञेशने माझ्याकडे पाहिलं. मानेपासून कानांपर्यंत तो लाल झाला होता, आणि या वेळी तो खरंच लाजत होता.

"तिला अजून विचारलं नाही, काकू."

दुकानदार डाळ मोजता मोजता ऐकत होता. महिनाभराची सगळी शरम अजून तशीच होती, आणि तरी मला हसू येत होतं.

"मग विचार ना," मी गल्ली ओलांडून त्यांच्याजवळ जात म्हणाले.

"इथेच? सगळ्यांसमोर? नको म्हणायचं असेल तर..."

"प्रज्ञेश," मी म्हणाले, "मी उन्हात तासभर उभी आहे."

यमुनाबाईने त्याचं मनगट सोडलं, आणि दुसऱ्या हाताने माझं धरलं.

"चला दोघं आत," ती म्हणाली. "विचारायचं ते जेवताना विचारा."