शिवेपलीकडच्या वहाणा

साखळीहून निघताना मी आमच्या राखणदाराला वहाणांच्या जोडाचा नवस बोलले होते. तो अदृश्यपणे गावाची शीव राखत फिरतो, वहाणा झिजतात, म्हणून चामड्याचा जोड वाहायची आमची रीत. "ह्यांना नव्या जागी सांभाळ," एवढंच मागितलं होतं.

आमचे हे पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. टेबलावरून थेट पेडण्याकडच्या डोंगरावर, पंपघरात बदली झाली. आयुष्यभर बिलं लिहिलेला माणूस, आता मोटर सांभाळायची. एकदा जेवताना ह्यांनी घास खाली ठेवला.

"प्रभा, मला नाही जमायचं. मोटर जळली तर खालचे वाडे तहानलेले राहतील. राजीनामा देतो." मग हळूच म्हणाले, "आणि तिथं कोणीतरी चालतं... वहाणा करकरतात. बघावं तर कोणी नाही."

इथल्या शेजारच्या सरस्वतीकाकींना सांगितलं. त्या भाकरी थापता थापता हसल्या. "अगो खुळे, तुझो राखणदार शीव सोडून हांगा कसो येतलो? हांगाच्या राखणदाराक सांगलंस काय, नवो माणूस इलो म्हणून?"

नव्हतं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डबा आणि नवा जोड घेऊन डोंगर चढले. पंपघरामागच्या काजऱ्याच्या झाडाखाली रोट, विडी, वहाणा ठेवून गाऱ्हाणं घातलं. "नवा माणूस आहे. यंत्राला कधी हात लावलेला नाही त्याने. सांभाळून घे."

दिवेलागण झाली. आत ओल्या लोखंडाचा वास, मोटरची घरघर. आणि... कर्र... कर्र... पावलं दारातून आत आली, आमच्या समोरून गेली. दिसलं काहीच नाही. कोपऱ्यातल्या पाइपापाशी थांबली.

"तिथंच का..." हे पुटपुटले. भीत भीत गेले, पाइपाला कान लावला. "हवा धरलीय गो." मोटर बंद केली, हवा काढली, पाणी भरून पुन्हा चालू केली. घरघर एकसारखी झाली. घरी येताना राजीनाम्याचं नावही निघालं नाही.

पुढल्या अमावास्येला काकींना घेऊन झाडाखाली गेले. नव्या वहाणांच्या टाचा झिजलेल्या. तळव्यांना काळी, चमचमती धूळ. आमच्या साखळीकडच्या खाणींची. पेडण्याच्या ह्या डोंगरावर ती कुठून यायची? काकींनी डोक्यावर पदर घेऊन हात जोडले.

तेव्हापासून मी दोन जोड ठेवते, एक इथल्याचा, एक आपल्याचा. दोन्ही झिजतात. एकाला शेतातला चिखल असतो, दुसऱ्याला खाणीची धूळ.

बाय, तुझ्या घरातलं कोणी बदलीवर निघालं तर तूही बोल. नव्या जागेच्याला सांगच, पण आपल्याचा जोडही बरोबर ने. जुन्याच वहाणांनी तो कधीचा वाटेला लागलेला असेल.